सफारी, बैगा आणि बालाघाट

आफ्रिकेला जायचे ते नोकरीसाठी, अशी गोव्यात एके काळी रीत होती. मोंबासा, नैरोबी, कंपाला, दारेसलाम ही नावे आमच्या आजोबांच्या पिढीला मुंबई-पुण्याइतकीच ओळखीची. गेलेल्यांपैकी पुष्कळजण इंग्रजांच्या कचेऱ्यांत आणि रेल्वेत कारकून झाले, म्हणजे आमचेच जातभाई! नैरोबी हे नुसते तंबूंचे गाव होते तेव्हा रोझेन्दो आयरेस रिबेरो नावाचे आमचे गोवेकर डॉक्टर तिथे चक्क झेब्र्यावर बसून रोगी तपासायला जात. त्यांचा तसा फोटोही आहे.

आता आपली माणसे तिथे जातात ती सफारीला. कचेरीतल्या एका स्नेह्याने मला या वर्षी तसले एक माहितीपत्रक आणून दिले. मळलेली वाट सोडून वेगळी आफ्रिका दाखवू, असा त्यात वायदा होता. शेवटच्या पानावर दर माणशी खर्चाचा आकडा होता, तो वाचून मी पत्रक घडी घालून परत दिले. पण त्या 'मळलेल्या वाटे'ने डोक्यात घर केले ते केलेच. यंदा माझी एलटीसी शिल्लक आहे. ती मी मध्य प्रदेशातल्या बालाघाटसाठी वापरणार आहे. "तिथे काय आहे?" असे घरापासून कचेरीपर्यंत सगळ्यांनी विचारून झाले, म्हणून हा लेख.

आधी शब्दाचे बघू. सफारी हा स्वाहिली शब्द, मूळ अरबी 'सफर'. आपण मराठीत सफर म्हणतो तीच ही. पूर्व आफ्रिकेत या शब्दाला शिकारीचा वास लागला तो गोऱ्या साहेबांमुळे. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ साली मोंबासाला उतरले आणि पुढे जवळजवळ वर्षभर जनावरे मारीत हिंडले. त्यांच्या तांड्यात अडीचशेच्या आसपास हमाल होते. त्या शिकारीची वर्णने जगभर छापून आली आणि सफारी म्हणजे आफ्रिका हे समीकरण पक्के झाले.

नेमक्या त्याच सुमारास, १९०८ साली, आपल्या मध्य प्रांतातला एक जंगल अधिकारी आफ्रिका बघून आला होता. त्याचे नाव डनबार ब्रँडर. मध्य भारतातल्या वन्य प्राण्यांवरचे त्याचे पुस्तक १९२३ साली निघाले. त्यात बंजर नदीच्या खोऱ्याबद्दल त्याने जे लिहिले आहे ते वाचून मी पुस्तक खाली ठेवले आणि नकाशा उघडला. त्याचे म्हणणे असे, की १९०० साली या खोऱ्यात जेवढी जनावरे होती तेवढीच त्याला पुढे आफ्रिकेच्या उत्तमातल्या उत्तम भागात दिसली. एका संध्याकाळच्या फेरफटक्यात इथे त्याने अकरा जातींची दीड हजार जनावरे पाहिली होती. मंडळी, दीड हजार, तेही पायी चालताना! पण लगेच पुढे तो म्हणतो, की आता तसे राहिलेले नाही. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच हे वैभव 'गेले ते दिवस' या सदरात जमा झाले होते.

ही बंजर नदी बालाघाट जिल्ह्याच्या बैहर तालुक्यातून, मुक्कीवरून वाहत जाऊन मंडल्याला नर्मदेला मिळते. आज ज्याला कान्हा राष्ट्रीय उद्यान म्हणतात ते मंडला आणि बालाघाट अशा दोन जिल्ह्यांत पसरले आहे. लोक जातात ते बहुधा मंडल्याच्या बाजूने, खटिया-किसलीच्या फाटकातून. बालाघाटची बाजू मुक्कीची, आणि तिच्याही पलीकडे पूर्वेला सुपखार. माझी मळलेली वाट सुटते ती इथे.

बालाघाट म्हणजे घाटाच्या वरचा मुलूख. आपण 'घाटावर गेला' म्हणतो तसेच. इंग्रजांनी १८६७ साली भंडारा, मंडला आणि शिवनी जिल्ह्यांचे तुकडे जोडून हा जिल्हा बनवला. मुख्य ठिकाणाच्या गावाचे नाव वेगळे होते, पुढे जिल्ह्याचेच नाव त्यालाही चिकटले. त्याआधी हा भाग नागपूरकर भोसल्यांचा. तिसरे रघूजी वारले, औरस वारस नाही म्हणून १८५४ साली राज्य खालसा झाले आणि त्याबरोबर लांजीचा किल्ला आणि वैनगंगेचे काठ इंग्रजांकडे गेले. १९५६ साली भाषावार वाटणीत नागपूर, भंडारा इकडे आले, बालाघाट तिकडे राहिले. पण लांजी-वारासिवनीकडे मराठी आणि पोवारी अजून कानावर पडते, आणि वैनगंगा तर शिवनी-बालाघाटातून भंडारा-गडचिरोलीत येते, तिला कुणी सीमा समजावून सांगितलेली नाही. (मोगलीची वैनगंगा ती हीच. किपलिंग स्वतः या जंगलात कधी आला नाही. दुसऱ्यांच्या लिखाणावरून त्याने सारे रचले!)

आफ्रिकेशी बालाघाटचे एक नाते याहूनही जुने आहे. एडुआर्ड सूस या ऑस्ट्रियन भूवैज्ञानिकाने १८८५ साली भारत आणि आफ्रिका ज्या एका प्राचीन भूखंडाचे तुकडे आहेत त्याला नाव दिले गोंडवानालँड, म्हणजे गोंडांचा देश. ते गोंड हेच, मंडला-बालाघाटचे. मसाईमारात उभे राहून आपण जो खंड बघतो त्याच्या पूर्वजाचे नाव या लोकांवरून पडले आहे, हे त्या माहितीपत्रकात नव्हते.

पण मला गोंडांपेक्षाही त्यांच्या शेजाऱ्यांबद्दल लिहायचे आहे. ते बैगा.

बैगा हे या डोंगरांतले सर्वांत जुने रहिवासी मानले जातात. गोंडसुद्धा भूमीची पूजा करायला बैगाला बोलावतात. त्यांची शेती 'बेवर'. डोंगरउतारावरची झाडे तोडायची, वाळली की जाळायची, राखेत बी फेकायचे, दोन-तीन वर्षांनी जागा बदलायची. नांगर धरायचा नाही. धरती ही आई, तिची छाती नांगराने फाडायची नाही, हा त्यांचा धर्म. आमच्याकडे सत्तरी, सांगे, काणकोणात जी 'कुमेरी' चाले ती हीच. आमच्या गावड्या-वेळीपांना हे समजावून सांगावे लागणार नाही. कुमेरीने रान नासते असे सरकारे सांगत आली, आणि बेवरबद्दल इंग्रजांनी हेच सांगितले. साल आणि साग यांना रेल्वेच्या स्लीपरसाठी किंमत आली होती, हे मात्र त्या कागदांत जरा खालच्या परिच्छेदात असते. कारकुनी करून मला एवढे कळले आहे, की फाईलमधले खरे कारण शेवटून दुसऱ्या परिच्छेदात सापडते.

१८९० साली इंग्रजांनी मंडल्याच्या बाजूला एक पट्टा आखून दिला, 'बैगा चक', आणि तेवढ्यातच बेवर करा म्हणून सांगितले. बालाघाटात कर्नल ब्लूमफील्ड या उपआयुक्ताने बैगांना नांगरावर आणण्याचा खटाटोप केला. १८८५ साली त्याने बैगांवर टिपणही लिहिले. माणूस सहानुभूतीचा होता म्हणतात. पण सहानुभूतीने का होईना, रान बैगांच्या हातून सुटले ते सुटले.

आणि रान सुटले तरी बैगा मात्र साहेबाला हवाच होता. माग काढायला त्याच्यासारखा कोणी नव्हता. कॅप्टन फोर्सिथ १८६० च्या दशकात या मुलखात हिंडला. त्याचे 'हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' हे पुस्तक १८७१ साली निघाले आणि पुढच्या सगळ्या शिकाऱ्यांचे ते जणू प्रवासपुस्तक झाले. असल्या प्रत्येक पुस्तकात पुढे बैगा किंवा गोंड चालतो, मागून साहेब. जंगलाचे ब्लॉक पाडलेले असत. अर्ज करायचा, ब्लॉक मिळवायचा, ठरलेल्या दिवसांचे परमिट, त्यात कोणते जनावर किती मारायचे याची मर्यादा. पुस्तकांत साहेबाचे नाव आणि वाघाची लांबी इंचापर्यंत दिलेली असते. हाक्याला उभ्या राहिलेल्यांची मात्र फक्त संख्या. वाघाने माणूस मारला तर बैगा गुनिया त्या जागी जाऊन विधी करून वाघाला 'बांधतो', म्हणजे तो पुन्हा कुणाला धरणार नाही अशी व्यवस्था करतो. साहेब लोक याला हसत. पण दुसऱ्या दिवशी मचाण कुठल्या झाडावर बांधायचे ते मात्र त्यालाच विचारीत.

इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. व्हेरियर एल्विन १९३० च्या दशकात मंडल्यात येऊन राहिला आणि १९३९ साली त्याने 'द बैगा' हा जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात त्याने सुचवले, की बैगांसाठी एक राष्ट्रीय उद्यान करावे! म्हणजे असा प्रदेश जिथे बैगा आपल्या रीतीने राहतील आणि सावकार, ठेकेदार, मिशनरी यांना आत मज्जाव असेल. यावर मोठा गदारोळ झाला. माणसांना प्राणिसंग्रहालयात ठेवता काय, असे टीकाकारांनी विचारले. विद्वानांत सगळ्यांत तिखट टीका कुणाची, तर आमच्या शेजारच्या मालवणात जन्मलेल्या गोविंद सदाशिव घुर्ये यांची. आदिवासी म्हणजे मागे राहिलेले हिंदूच, त्यांना वेगळे कशाला काढता, असे त्यांनी १९४३ सालच्या आपल्या पुस्तकात ठणकावले. पुढे एल्विनने आपली सूचना सोडून दिली. मला स्वतःला या वादात दोघांचेही पुरते पटत नाही. पण नंतर जे झाले ते दोघांच्याही कल्पनेत नव्हते. १९५५ साली याच रानात राष्ट्रीय उद्यान झाले, आणि त्यातून बैगा बाहेर गेले.

ते कसे, हे सांगण्याआधी शिकारीचा शेवटचा अंक सांगतो, कारण त्यात नागपूर आहे.

कान्ह्याचा भाग १९३३ साली अभयारण्य झाला होता. सुपखारकडे हालोनच्या खोऱ्यातही एक अभयारण्य काढले, पण हरणे सालाची रोपे खातात म्हणून ते काही वर्षांतच रद्द झाले. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत विजयानगरमच्या महाराजकुमारांना खास परवानगी मिळाली आणि त्यांनी या भागात तीस वाघ मारले. हे महाराजकुमार म्हणजे १९३६ साली इंग्लंडला गेलेल्या भारतीय क्रिकेट संघाचे कप्तान 'विझी'. क्रिकेटवाल्यांना त्यांच्याबद्दल काही सांगायला नको. या तीस वाघांवरून ओरड झाली आणि राष्ट्रीय उद्यानाच्या मागणीला जोर आला.

तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल. त्यांचे चिरंजीव विद्याचरण यांनी मॉरिस कॉलेजातून पदवी घेतली आणि नागपुरात 'ऑलविन कूपर' नावाची कंपनी काढली. कंपनीचा धंदा मध्य भारतातल्या जंगलात शिकारीच्या सफारी आणि छायाचित्रांच्या मोहिमा काढून देणे. हेच विद्याचरण शुक्ल पुढे आणीबाणीत माहितीमंत्री झाले आणि किशोरकुमारची गाणी आकाशवाणीवरून बंद करण्यासाठी गाजले. २०१३ साली बस्तरात माओवाद्यांच्या हल्ल्यात जखमी होऊन ते वारले. तर सांगायचे ते हे, की आफ्रिकेच्या तोडीची 'सफारी' मराठी मुलखातल्या एका शहरातून विकली जात होती. हिशेब सरळ होता. आफ्रिकेत सिंह आहे, हत्ती आहे, पण वाघ नाही. आफ्रिका करून झालेल्या शिकाऱ्याला भिंतीवर लावायला उरतो तो वाघ, आणि तो इथे.

हा धंदा १९७० साली वाघाच्या शिकारीवर बंदी आली तेव्हा बसला. १९७२ चा वन्यजीव कायदा आला, १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या नऊ जंगलांत कान्हा होते. केनियाने शिकार बंद केली ती १९७७ साली, म्हणजे या बाबतीत आपण पाच-सात वर्षे पुढेच.

आता बारशिंगा. कान्ह्याचा बारशिंगा हा कठीण जमिनीवर राहणारा, दलदलीतला नव्हे. जगात ही जात उरली ती एवढ्याच रानात. तिच्या शास्त्रीय नावात 'ब्रँडेरी' आहे, तो आपला डनबार ब्रँडर. १९७० साली मोजले तेव्हा ६६ बारशिंगे होते. सहासष्ट! शिकार, रोग आणि गवत नाही, अशी कारणे सांगतात. त्यांतले गवत महत्त्वाचे. बारशिंग्याची मादी उंच गवतात पाडस लपवते. गवताळ मैदानांवर गावांची गुरे चरत, शेते होती, उंच गवत राहीनासे झाले होते.

म्हणून गावे हलवली. १९६९ पासून पुढच्या काही दशकांत आतली वीसहून जास्त गावे उठली, गोंडांची आणि बैगांची. सौंफ, बिशनपुरा, घोरेला ही मुक्कीच्या बाजूची गावे. ती उठली, शेतांवर गवत वाढले, आणि बारशिंगा परत आला. आज ते हजाराच्या घरात आहेत. २०१५ साली त्यांतले काही पकडून सातपुडा व्याघ्र प्रकल्पात नेले. पकडण्याची पद्धत आफ्रिकेतली, तिचे नावही आफ्रिकन, 'बोमा'. मोठे नरसाळ्यासारखे कुंपण करून जनावरांना हळूहळू आत आणायचे. २०११ साली इथले गवे बांधवगडला नेले तेव्हाही दक्षिण आफ्रिकेतले तज्ज्ञ मदतीला होते.

यात खोटे काही नाही. गावे उठली नसती तर बारशिंगा बहुतेक संपला असता, हे मला मान्य आहे. पण उठलेल्यांचे काय झाले, याचा हिशेब बारशिंग्यांइतक्या काळजीने कुणी ठेवलेला दिसत नाही. पहिल्या काळात जमिनी मिळाल्या, पुढे कुटुंबामागे रोख रक्कम आली. २०१४ सालीही आतल्या शेकडो कुटुंबांना बाहेर काढले. पैसे मिळाले पण त्यात जमीन मिळेना, अशा तक्रारी तेव्हा बाहेर आल्या. ज्याने नांगरच कधी धरला नाही त्याला जमिनीचा बाजारभाव काय ठाऊक? आज मुक्कीच्या फाटकातून आत गेलेला पर्यटक जिप्सीत उभा राहून विचारतो, "सौंफला काय दिसेल?" सौंफ हे त्याला मैदान. गावाचे नाव तेवढे राहिले आहे.

हे मी गोव्यात बसून का लिहितो, हे सत्तरीतल्या वाचकांना आतापर्यंत कळले असेल. म्हादई अभयारण्य १९९९ साली राष्ट्रपती राजवटीत जाहीर झाले. जानेवारी २०२० मध्ये गोळावलीच्या रानात एक वाघीण आणि तिची तीन पिल्ले विष घालून मारलेली सापडली. जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने इथे तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प जाहीर करा म्हणून आदेश दिला आणि सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. तेव्हापासून आमच्याकडे दोनच पक्ष आहेत, एक वाघाचा आणि एक 'लोकांचा'. वाघाच्या बाजूचे म्हणतात, कुणाला उठवणार नाही. गावातले विचारतात, मग जमिनीचे कागद अजून का देत नाहीत? दोन्ही बाजूंच्या सभांना मी बसलो आहे आणि कान्ह्याचे उदाहरण दोघांच्याही तोंडून ऐकले आहे, एकाकडून वैभव म्हणून, दुसऱ्याकडून धमकी म्हणून. बालाघाटला कुणी जाऊन आलेला मात्र त्यांत मला भेटला नाही.

तर माझा बेत असा. पणजीहून आंबोलीमार्गे कोल्हापूर. तिथून महाराष्ट्र एक्स्प्रेस, जी कोल्हापूरहून निघते ती महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला गोंदियालाच थांबते. एक दिवस-रात्रीहून जास्त लागते, पण सगळा महाराष्ट्र एका खिडकीतून दिसतो. गोंदियाहून बालाघाट. पूर्वी ही सातपुड्यातली प्रसिद्ध छोटी गाडी होती, आता ब्रॉडगेज झाली. पुढे रस्त्याने घाट चढून बैहर आणि मुक्की. जायचे मार्च-एप्रिलात. ऊन असेल, पण जनावरे पाण्यावर येतात, आणि मोहाची फुले गळण्याचे दिवस ते. उद्यान ऑक्टोबर ते जून उघडे असते. परवाना ऑनलाइन, नावे आणि ओळखपत्र आधी द्यायचे, गाड्यांची संख्या ठरलेली. ब्लॉक आणि परमिट, फक्त बंदूक वजा!

प्रत्येक गाडीत स्थानिक वाटाड्या घ्यावाच लागतो. त्यांत गोंड आणि बैगा पोरे आहेत. वाघ दिसला नाही तरी चालेल, असे त्याला मी पहिल्यांदाच सांगणार आहे, म्हणजे तो गाडी पळवणार नाही. सौंफला गाडी थांबवून आंब्याची, मोहाची जुनी झाडे कुठे आहेत ते दाखव म्हणणार. गाव उठते, पण लावलेला आंबा राहतो, हे आमच्याकडे धरणांखाली गेलेल्या गावांच्या काठावर मी पाहिले आहे.

बुधवारी दुपारी उद्यान बंद असते. ती दुपार मी मुद्दाम मोकळी ठेवली आहे. उठून आलेल्या वस्त्या मुक्कीबाहेर आहेत. तिथे कॅमेरा गळ्यात अडकवून हिंडायचे नाही, हे बायकोने आधीच बजावले आहे. तिचे म्हणणे, बाजाराच्या गावी जाऊ, मोहाची फुले विकत घेऊ, आणि कुणी बोलले तर बोलू. घरचे काजूगर दोन किलो बरोबर घेते आहे, कुणाच्या घरी बसायची वेळ आली तर हात रिकामे नकोत म्हणून.